लपवून घेतलेली गोळी

मधुमेहाची गोळी आपल्याकडे जेवणाच्या ताटाशेजारी ठेवली जाते. रक्तदाबाच्या गोळीची आठवण घरातले शाळकरी मूलही आजोबांना करून देते. नैराश्यावरील औषधाची गोळी मात्र कपाटातल्या कपड्यांच्या घडीखाली, कार्यालयातील मेजाच्या खणात किंवा पिशवीच्या आतल्या कप्प्यात राहते. ती घेतली जाते दार लोटून, आणि तिचे रिकामे वेष्टन टाकले जाते घरापासून दूर, रस्त्यावरच्या कचरापेटीत. या लपवाछपवीकडे आपण आजवर केवळ लोकलज्जेचा प्रश्न म्हणून पाहत आलो. तो तसा आहेच. पण तेवढाच नाही. या औषधांपासून जे धोके संभवतात, त्यांतील कितीतरी धोके औषधाच्या गुणधर्मामुळे जितके उद्भवतात त्याहून अधिक ते चोरून घेतल्यामुळे बळावतात. उपचार सुरू करण्यापासून तो संपविण्यापर्यंतच्या प्रत्येक टप्प्यावर हे दाखवून देता येते, आणि प्रस्तुत लेखाचा तोच हेतू आहे.

प्रथम या औषधांविषयी थोडे. त्यांचा शोध ठरवून लागलेला नाही. १९५२ च्या सुमारास न्यूयॉर्क शहरातील स्टेटन आयलंडवरच्या एका क्षयरुग्णालयात इप्रोनियाझिड नावाचे औषध क्षयरोग्यांना देऊन पाहण्यात येत होते. त्यांतल्या अनेकांची मने अनपेक्षितपणे उल्हसित झाल्याचे डॉक्टरांच्या ध्यानात आले. पुढे १९५७ मध्ये स्वित्झर्लंडमधील रोलांड कून या मनोविकारतज्ज्ञांनी इमिप्रामिन या औषधाचा विषण्ण रुग्णांवर होणारा परिणाम प्रसिद्ध केला. १९८७ च्या अखेरीस अमेरिकेत फ्लुओक्सेटिनला मान्यता मिळाली आणि त्या जातीच्या औषधांचा प्रसार जगभर झाला. आज आपल्याकडील डॉक्टरांच्या चिठ्ठीवर बहुधा सर्ट्रालिन, एस्सिटालोप्रॅम, फ्लुओक्सेटिन यांपैकी एखादे नाव असते. अमिट्रिप्टिलिनसारखी जुनी औषधेही अद्याप वापरात आहेत.

ही औषधे कितपत उपयोगी पडतात? २०१८ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात एक मोठा आढावा प्रसिद्ध झाला. त्यात २१ औषधांच्या ५२२ चाचण्यांचा आणि १ लाख १६ हजारांहून अधिक रुग्णांचा विचार केलेला होता. एकवीसही औषधे निव्वळ दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरली. परंतु हा सरसपणा सरासरीने माफकच होता. म्हणजे ही औषधे संजीवनी नव्हेत आणि थोतांडही नव्हेत. मेंदूतील सेरोटोनिन कमी झाल्यामुळे नैराश्य येते, हे वर्षानुवर्षे सांगितले गेलेले सोपे स्पष्टीकरण पुराव्याला उतरत नाही, असा निष्कर्ष लंडनमधील काही संशोधकांनी २०२२ मध्ये मांडला आणि त्यावर मोठा वाद झाला. त्या वादाने बिचकून औषध टाकून देण्याचे मात्र कारण नाही. एखादे औषध का लागू पडते याचे स्पष्टीकरण चुकले, म्हणून ते लागूच पडत नाही असे होत नाही. सौम्य नैराश्यात आधी समुपदेशन, मानसोपचार, नियमित व्यायाम यांचा अवलंब करावा. मध्यम आणि तीव्र नैराश्यात औषधाचे महत्त्व वाढते, असा आजचा सर्वसाधारण दंडक आहे. कोणाचे नैराश्य कोणत्या पायरीवरचे, हे ठरविण्याचे काम मात्र डॉक्टरांचे. शेजाऱ्याचे नव्हे आणि रुग्णाचे स्वतःचेही नव्हे.

आता औषध सुरू झाल्यावर काय घडते ते पाहू. या औषधांचा स्वभाव असा की, त्रास आधी येतो आणि गुण मागून येतो. पहिल्या आठवड्यातच मळमळ, डोकेदुखी, पोट बिघडणे, झोप उडणे किंवा उलट सुस्ती येणे, अंगात एक प्रकारची अस्वस्थता जाणवणे, असे त्रास होऊ शकतात. ते बहुतेकांचे एकदोन आठवड्यांत ओसरतात. मनाला उभारी येण्यास मात्र दोन ते चार आठवडे आणि पुरता गुण दिसण्यास कधी सहा आठवडेही लागतात. ज्याने ही गोष्ट घरात सांगितली आहे, त्याला धीर देणारे कोणीतरी असते. ज्याने लपविली आहे, तो आठव्या दिवशी एकट्यानेच निर्णय घेतो, की हे औषध आपल्याला मानवत नाही. आणि उरलेल्या गोळ्या फेकून देतो. पुढे कित्येक वर्षे तो सांगत राहतो, की आपण सर्व उपाय करून पाहिले, कशाचाच उपयोग झाला नाही. वस्तुतः त्याने औषधाचा फक्त त्रासच तेवढा अनुभवलेला असतो.

याहून गंभीर गोष्ट तरुणांच्या बाबतीत आहे. लहान मुले आणि किशोरवयीन यांच्यामध्ये या औषधांच्या सुरुवातीच्या काळात आत्महत्येचे विचार वाढण्याचा संभव असतो, असा ठळक इशारा औषधाच्या वेष्टनावर छापण्याचा आदेश अमेरिकेच्या औषध नियंत्रकांनी २००४ मध्ये दिला. २००७ मध्ये त्याची व्याप्ती २४ वर्षांपर्यंतच्या तरुणांपर्यंत नेण्यात आली. याचा अर्थ तरुणांनी ही औषधे घेऊच नयेत असा नाही. उपचाराविना राहिलेले नैराश्यही जिवावर बेततेच. अर्थ इतकाच, की पहिले काही आठवडे आणि मात्रा बदलल्यानंतरचे दिवस जवळच्या माणसाची नजर हवी. वसतिगृहातल्या विद्यार्थ्याने घरी काही न कळविता, खोलीतल्या मित्रालाही न सांगता हे औषध सुरू केले, तर ही नजर कोठून येणार? अस्वस्थता एकाएकी वाढली, झोप पार उडाली, बोलण्यात मरणाची भाषा येऊ लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी डॉक्टरांना गाठावयास हवे. आणि ही लक्षणे रुग्णाच्या आधी पुष्कळदा दुसऱ्यालाच दिसतात.

तीच गोष्ट द्विध्रुवी मनोविकाराची. काही रुग्णांत नैराश्याच्या लाटेआड उन्मादाची लाट दडलेली असते. अशा रुग्णास केवळ नैराश्यविरोधी औषध दिले, तर तो अकस्मात अतिउत्साही होतो, रात्र रात्र जागतो, भराभर बोलतो, पैसा उधळू लागतो. त्याला स्वतःला मात्र आपण कधी नव्हे इतके ठणठणीत झालो असेच वाटते. म्हणूनच पूर्वी कधी असे दिवस येऊन गेले काय, घराण्यात कोणाला असा विकार होता काय, हे डॉक्टर पहिल्या भेटीत विचारतात. घराण्याच्या अब्रूसाठी या प्रश्नाला ‘नाही’ असे उत्तर देणारा नातेवाईक आपल्या माणसाची औषधयोजनाच चुकवीत असतो.

उपचार मार्गी लागला, की धोक्यांचा दुसरा प्रकार सुरू होतो. माणसाला एकच दुखणे नसते. ज्याला नैराश्य आहे त्याचा गुडघाही दुखतो, त्याला खोकलाही होतो, त्याचा दातही काढावा लागतो. सर्ट्रालिन किंवा एस्सिटालोप्रॅम घेणाऱ्याने आयबुप्रोफेन, डायक्लोफेनॅक, ॲस्पिरिन यांसारखी औषधे सोबत घेतली, तर जठरातून रक्तस्राव होण्याचा संभव वाढतो. रक्त पातळ ठेवणारी औषधे चालू असतील तर हा धोका अधिकच. ट्रामाडॉल हे वेदनाशामक, लिनेझोलिड हे जंतुनाशक आणि खोकल्याच्या कित्येक औषधांत असणारे डेक्स्ट्रोमेथॉर्फन यांच्याशी या औषधांचा संयोग झाला, तर क्वचित एक गंभीर अवस्था उद्भवते. तीत अंगाला थरथर सुटते, घाम फुटतो, ताप चढतो, छाती धडधडते, स्नायू ताठरतात आणि माणूस भ्रमिष्टासारखा वागू लागतो. अशा वेळी तत्काळ रुग्णालय गाठावे लागते. स्तनाच्या कर्करोगावर टॅमॉक्सिफेन घेणाऱ्या स्त्रीला पॅरॉक्सेटिन किंवा फ्लुओक्सेटिन दिले, तर टॅमॉक्सिफेनचा प्रभावच घटू शकतो. साठी उलटलेल्यांच्या रक्तातील सोडियम या औषधांनी कमी होऊ शकते, विशेषतः लघवी वाढविणारी रक्तदाबाची गोळी सोबत असेल तर. मग आजोबा एकाएकी असंबद्ध बोलू लागतात किंवा तोल जाऊन पडतात, आणि घरचे वयाला दोष देतात. अमिट्रिप्टिलिनच्या जातीची जुनी औषधे हृदयविकार, काचबिंदू आणि प्रोस्टेट ग्रंथीची वाढ असलेल्यांना अपाय करू शकतात.

ही यादी वाचकांना घाबरविण्यासाठी दिलेली नाही. यांतील जवळजवळ प्रत्येक धोका एका वाक्याने टळू शकतो: ‘डॉक्टर, मी अमुक औषध घेत आहे.’ दंतवैद्याला, हाडांच्या डॉक्टरांना, शस्त्रक्रियेपूर्वी भूल देणाऱ्यांना हे वाक्य सांगावयाचे असते. फ्लुओक्सेटिन तर बंद केल्यावरही काही आठवडे शरीरात रेंगाळते. म्हणून ते नुकतेच बंद केले असेल तरी सांगावे. आयुर्वेदिक, होमिओपॅथिक किंवा घरगुती औषधे चालू असतील तर तीही सांगावीत. मद्याचा उल्लेखही टाळू नये. नैराश्याला ते वाढवते आणि औषधाची गुंगीही. परंतु मनोविकाराचे औषध लपविण्याची सवय एकदा अंगवळणी पडली, की नेमके हेच वाक्य ओठांवर येत नाही. ‘दुसरी काही औषधे चालू आहेत काय?’ असे विचारल्यावर माणूस रक्तदाबाची गोळी सांगतो, थायरॉइडची सांगतो आणि तिसरीपाशी अडखळतो.

औषधाच्या दुकानातही हेच घडते. औषध नियम, १९४५ मधील ‘एच’ परिशिष्टात या औषधांचा समावेश आहे. म्हणजे नोंदणीकृत डॉक्टरांच्या चिठ्ठीवाचून ती विकता येत नाहीत. असे असूनही, चुरगळलेली जुनी चिठ्ठी दाखवून किंवा नुसती रिकामी पट्टी पुढे करून ती मिळविणारे लोक आहेत आणि देणारे दुकानदारही आहेत. पुन्हा डॉक्टरांच्या दारात कोणी पाहील ही भीती, तपासणीचे पैसे वाचविण्याची गरज आणि अर्ध्या दिवसाची रजा वाचविण्याचा मोह, या तिन्हींच्या पोटी हा व्यवहार चालतो. त्यातून आणखी एक घोटाळा होतो. अल्प्राझोलॅम, डायझेपाम यांसारख्या चिंताशामक आणि निद्राकारक गोळ्या आणि नैराश्यविरोधी गोळ्या यांना लोक सरसकट ‘झोपेच्या गोळ्या’ म्हणतात. या दोन जाती सर्वस्वी भिन्न आहेत. पहिल्या जातीची गोळी तासाभरात गुण देते, पण तिची चटक लागते. म्हणूनच तिच्या विक्रीवर २०१४ पासून अधिक कडक निर्बंध आले. दुसऱ्या जातीच्या गोळीची तशी चटक लागत नाही, पण तिला गुण येण्यास वेळ लागतो. मागे चिठ्ठीवर दोन्ही गोळ्या लिहून दिलेल्या असतात. रुग्ण हळूहळू दुसरी सोडतो आणि पहिली धरून ठेवतो. म्हणजे जी थोड्या दिवसांची होती ती वर्षानुवर्षे चालते, आणि जी महिनोगणती चालावयास हवी होती ती पंधरवड्यात सुटते.

सर्वांत मोठा प्रमाद होतो तो औषध थांबविताना. बरे वाटू लागल्यावर औषध सोडावेसे वाटणे अगदी स्वाभाविक आहे. पण नैराश्य उतरल्यावरही औषध निदान सहा महिने आणि पुष्कळदा नऊ ते बारा महिने चालू ठेवावे, वारंवार उलटणाऱ्या नैराश्यात दोन वर्षे किंवा त्याहूनही अधिक, असा सल्ला दिला जातो. शिवाय औषध एकदम तोडले, तर चक्कर, मळमळ, चिडचिड, निद्रानाश, विलक्षण स्वप्ने आणि डोक्यात विजेचा सूक्ष्म झटका बसल्यासारखी चमक, अशी लक्षणे उमटतात. पॅरॉक्सेटिन आणि व्हेन्लाफॅक्सिन यांच्या बाबतीत ती अधिक, फ्लुओक्सेटिनच्या बाबतीत कमी. या लक्षणांना लोक ‘व्यसन लागले’ असे म्हणतात, ते बरोबर नाही. औषधाला सरावलेल्या मेंदूला पूर्ववत होण्यास अवधी हवा असतो, इतकाच त्याचा अर्थ. म्हणून डॉक्टर मात्रा पायरीपायरीने उतरवितात. त्यास काही आठवडे आणि दीर्घकाळ औषध घेतलेल्यांस काही महिनेही लागू शकतात.

इंग्लंडमध्ये झालेल्या आणि २०२१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीचे आकडे येथे उद्बोधक आहेत. दीर्घकाळ औषध घेणारे आणि आता ते थांबविण्याइतके बरे वाटणारे ४७८ रुग्ण तीत होते. औषध चालू ठेवलेल्यांपैकी १०० मागे ३९ जणांचे नैराश्य वर्षभरात उलटले. क्रमाक्रमाने थांबविलेल्यांपैकी ५६ जणांचे. औषध सोडण्यात जोखीम आहे, हा या आकड्यांचा एक अर्थ. थांबविलेल्यांपैकी १०० मागे ४४ जणांचे दुखणे वर्षभरात उलटले नाही, हा दुसरा अर्थ. म्हणजे औषध जन्माची बेडी नव्हे. दोन्ही अर्थ लक्षात घेऊन निर्णय करावयाचा, तर तो डॉक्टरांसमोर बसूनच करावा लागतो. आपल्याकडे औषध थांबते ते मात्र निराळ्याच कारणांनी. लग्न ठरले म्हणून थांबते. नोकरीपूर्वीची वैद्यकीय तपासणी आली म्हणून थांबते. सुटीत गावी जावयाचे आहे आणि तेथे एकत्र कुटुंबात गोळी घेताना कोणी पाहील म्हणून थांबते. दिवस राहिल्याचे कळताच, सासरी वाच्यता नको म्हणून, स्त्री ते त्याच दिवशी तोडते. वास्तविक गर्भारपणात औषध चालू ठेवावे, बदलावे की उतरवावे, याचा निर्णय डॉक्टरांनी दोन्ही बाजूंचे धोके तोलून घ्यावयाचा असतो. यांतील एकही कारण वैद्यकीय नाही, हे विशेष.

दांपत्यजीवनातील इच्छा मंदावणे हा या औषधांचा परिचित परिणाम आहे. आणि त्याविषयी बोलण्याचा संकोच इतका, की माणूस डॉक्टरांना सांगण्याऐवजी औषधच गुपचूप सोडून देतो. मात्रा कमी करून किंवा औषध बदलून या त्रासावर इलाज करता येतो, हे त्याला कळावे कसे?

लपवाछपवीचा सगळा दोष रुग्णाच्या माथी मारणे मात्र अन्यायाचे होईल. कित्येक डॉक्टरच गोळी लिहून देताना ‘ही ताकदीची गोळी’ किंवा ‘शांत झोपेची गोळी’ असे मोघम सांगतात. प्रतीक्षेत पन्नास रुग्ण असतात हे खरे. परंतु औषधाचे नाव, ते कशासाठी, गुण केव्हा येईल, कोणता त्रास संभवतो आणि आपल्याला विचारल्यावाचून थांबवू नये, ही पाच वाक्ये मराठीत सांगण्यास पाच मिनिटांहून अधिक लागत नाहीत. काही घरांत तर रुग्णाच्या नकळत गोळी आमटीत कालवून दिली जाते. रुग्ण ऐकत नाही म्हणून हताश झालेल्या कुटुंबाची व्यथा समजू शकते; पण ज्याला आपण काय गिळतो आहोत हेच ठाऊक नाही, तो होणारा त्रास सांगणार तरी कसा?

यावर कोणी म्हणेल, की उघडपणे सांगितले तर लग्न मोडेल, बढती हुकेल, शाळेत कुजबुज होईल. त्याची भरपाई कोण करणार? हा आक्षेप खोटा नाही. मात्र गोळी लपवू नये याचा अर्थ चावडीवर दवंडी पिटावी असा नव्हे. सांगावयाचे ते मोजक्याच लोकांना: उपचार करणाऱ्या प्रत्येक डॉक्टराला, औषधाच्या दुकानदाराला आणि घरातल्या किंवा जिवाभावाच्या एका तरी माणसाला. बाकी जगाला हे कळण्याचे कारण नाही, आणि कायदाही तेच म्हणतो. २०१७ चा मानसिक आरोग्य सेवा कायदा २०१८ पासून अमलात आहे. त्याने मनोरुग्णाला आपल्या आजाराविषयी गोपनीयता राखली जाण्याचा हक्क दिला आहे. शारीरिक आजारांप्रमाणेच मानसिक आजारांनाही विम्याचे संरक्षण द्यावे, असे बंधन त्याच कायद्याने विमा कंपन्यांवर घातले आहे. कायद्याने मनोवृत्ती एका रात्रीत पालटत नाही. तथापि हक्क आहे हे ठाऊक असणे हीही एक शक्तीच होय.

बंगळूरच्या निम्हान्स संस्थेने २०१५-१६ मध्ये बारा राज्यांत केलेल्या सर्वेक्षणात, दर वीस प्रौढांमागे सुमारे एकाला आयुष्यात केव्हातरी नैराश्याने गाठलेले आढळले. आणि तीव्र नैराश्य असलेल्यांपैकी १०० मागे सुमारे ८५ जण उपचाराविना होते. म्हणजे साठ विद्यार्थ्यांच्या वर्गाचे पालक एकत्र बसले, तर त्यांतील पाचसहा जणांना या विकाराची ओळख असण्याचा संभव आहे. इतक्या सर्वसामान्य दुखण्याचे औषध चोरट्या मालासारखे हाताळले जावे, ही परिस्थिती काही शहाण्या समाजाला शोभणारी नाही.

हे पालटण्यासाठी मोठ्या योजनांची वाट पाहण्याची गरज नाही. औषधाची वेळ एकच ठेवावी. एखादी मात्रा चुकली, तर दुसऱ्या दिवशी दोन गोळ्या एकदम घेऊ नयेत. प्रवासाला निघताना पुरेशा गोळ्या आणि चिठ्ठीची प्रत बरोबर घ्यावी. आपल्याला लागू पडले म्हणून आपली गोळी मैत्रिणीला देऊ नये. ज्या घरात कोणी जिवावर उदार झाल्यासारखे बोलत असेल, तेथे गोळ्यांचा साठा थोडाच आणावा आणि तो दुसऱ्याने सांभाळावा. जुन्या जातीच्या औषधांचा अतिरेक प्राणघातक ठरतो. केंद्र सरकारने १० ऑक्टोबर २०२२ रोजी सुरू केलेल्या ‘टेली मानस’ सेवेचा १४४१६ हा दूरध्वनी क्रमांक शाळा-महाविद्यालयांच्या आणि कचेऱ्यांच्या सूचनाफलकावर लावण्यास कोणाच्याही परवानगीची जरुरी नसावी.

राहता राहिला आपला, म्हणजे ज्यांना आज ही गोळी घ्यावी लागत नाही अशांचा भाग. सहकाऱ्याच्या खणात अशी पट्टी दिसली, तर ती आपण पाहिली हे दुसऱ्याला न सांगणे. त्याने आपण होऊन सांगितले, तर ‘असल्या गोळ्या घेऊ नकोस, मन खंबीर कर’ असा फुकटचा उपदेश न करणे. आणि ‘डॉक्टरांनी पुन्हा केव्हा बोलावले आहे?’ एवढेच विचारणे. हा प्रश्न साधा आहे. पण तो आपुलकीने विचारणारा एक जरी माणूस जवळ असेल, तर ती गोळी लपविण्याची पाळी सहसा येत नाही.